शरीर 'डिटॉक्स' करावं लागतं का? साठीनंतर रस, काढे आणि उपवास सुरू करण्याआधी हे वाचा

रोज सकाळी रिकाम्या पोटी अमुक रस घ्या, २१ दिवसांत शरीरातली सगळी घाण निघून जाईल, अशा अर्थाचा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आला असेल. बऱ्याचदा तो पाठवणारे आणि वाचून लगेच अमलात आणणारे, दोघंही साठीच्या पुढचे असतात. ठाण्यात कचराळी तलाव, उपवन किंवा तलावपाळी, डोंबिवलीत भागशाळा मैदान, कल्याणमध्ये काळा तलाव... सकाळच्या फेऱ्या मारताना होणाऱ्या गप्पांत गुडघेदुखी आणि शुगरच्या जोडीला आता 'डिटॉक्स' हा शब्दही रुळला आहे.

यामागचा हेतू चांगलाच असतो. हातपाय चालते राहावेत, आपलं आजारपण मुलांना काढावं लागू नये, एवढीच इच्छा असते. पण तिशीतल्या माणसाचं ज्या प्रयोगानं फार तर दोन दिवस पोट बिघडतं, तोच प्रयोग सत्तरीत, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असताना केला तर हॉस्पिटल गाठावं लागू शकतं.

त्यामुळे डिटॉक्स म्हणजे नेमकं काय, त्यातलं काय निरुपद्रवी आहे, काय धोक्याचं आहे आणि खरोखर उपयोगाच्या सवयी कोणत्या, हे समजून घेऊया.

शरीरात खरंच 'घाण' साठते का?

शरीरात टाकाऊ पदार्थ सतत तयार होत असतात. प्रथिनं पचल्यावर युरिया तयार होतो, स्नायूंच्या कामातून क्रिएटिनिन तयार होतं. जुन्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं. हे सगळं बाहेर टाकण्याची यंत्रणा शरीरात जन्मापासून असते.

यकृत, म्हणजे लिव्हर, औषधं आणि मद्यासारख्या पदार्थांवर रासायनिक प्रक्रिया करून त्यांना बाहेर टाकता येईल असं रूप देतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळपास सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं बाहेर टाकतात आणि उरलेला चोथा आतडी.

वैद्यकशास्त्रातही 'डिटॉक्स' हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. दारूचं व्यसन सोडवताना पहिले काही दिवस दिले जाणारे उपचार किंवा रक्तात शिसं वाढल्याचं तपासणीत दिसल्यावर ते काढण्यासाठी दिली जाणारी औषधं, यासाठी तो वापरला जातो. तिथे विष कोणतं आणि किती, हे आधी मोजलेलं असतं.

बाजारातल्या डिटॉक्समध्ये हेच नसतं. ब्रिटनमधल्या 'सेन्स अबाउट सायन्स' या संस्थेशी जोडलेल्या तरुण वैज्ञानिकांनी २००९ मध्ये १५ डिटॉक्स उत्पादनांच्या कंपन्यांना या शब्दाचा अर्थ विचारला. कोणत्याही दोन कंपन्यांची व्याख्या जुळली नाही. २०१५ मध्ये डिटॉक्स आहारांवरच्या संशोधनाचा एक आढावा प्रसिद्ध झाला. असे आहार माणसाच्या शरीरातून विषारी द्रव्यं काढतात, हे योग्य चाचणीनं सिद्ध करणारा एकही अभ्यास त्यात सापडला नाही.

मग अनेकांना चार दिवसांत 'हलकं' कसं वाटतं? कारण त्या चार दिवसांत वडापाव, फरसाण, गोडधोड आणि रात्रीचं उशिराचं जेवण बंद झालेलं असतं. वजन उतरतं, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. जेवण पूर्ववत झालं की ते परत येतं.

साठीनंतर नेमकं काय बदलतं?

मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता चाळिशीनंतर हळूहळू कमी होत जाते. रिपोर्ट 'नॉर्मल' असला तरी हाताशी असलेली जादा ताकद घटलेली असते. शरीरातलं पाण्याचं प्रमाणही वयानुसार कमी होतं आणि तहान लागल्याची जाणीव मंदावते. त्यामुळे दोन-चार जुलाबही तरुणापेक्षा म्हाताऱ्या माणसाला लवकर थकवतात.

दुसरा बदल स्नायूंचा. वय वाढतं तसे स्नायू झिजतात. केवळ रसावर काढलेल्या आठवड्यात शरीराला प्रथिनं जवळजवळ मिळतच नाहीत. स्वतःची गरज भागवण्यासाठी मग शरीर स्नायूच वापरतं. तिशीत गेलेला स्नायू व्यायामानं भरून येतो. सत्तरीत तो परत मिळवणं फार कठीण असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे औषधं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, रक्त पातळ करण्याची गोळी, असा चार-पाच गोळ्यांचा डबा अनेक घरांत असतो. रस किंवा काढा त्यात आणखी एका औषधाची भर घालतो, फक्त त्याचा डोस कोणी ठरवलेला नसतो.

दुधीचा रस: कडू लागला तर थुंकून टाका

दुधी, काकडी, भोपळा या वेलवर्गीय भाज्यांत 'कुकुरबिटासिन' नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात. काही फळांत मात्र ती खूप वाढतात आणि असा दुधी बाहेरून ओळखता येत नाही. तो ओळखायचा एकच मार्ग आहे, चव.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, मदतीनं एका तज्ज्ञ समितीनं हा विषय तपासला. तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कडू दुधीच्या रसामुळे तिघांचा मृत्यू आणि २६ जणांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागल्याची नोंद त्यात आहे. मृत्यू झालेल्यांना २० वर्षांपासून मधुमेह होता. म्हणजे ज्यांना हा रस 'शुगरवर रामबाण' म्हणून सुचवला जातो, नेमके तेच त्यात बळी पडले. जून २०१८ मध्ये पुण्यातही दुधीचा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या.

समितीचा सल्ला सोपा आहे. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहा, कडू असेल तर अख्खा दुधी टाकून द्या. दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नका. रस पिऊन मळमळ, उलट्या, जुलाब किंवा पोटात दुखायला लागलं तर तडक हॉस्पिटलमध्ये जा, कारण या विषावर उतारा नाही.

कारलं आणि दुधीचा एकत्र रस का टाळायचा, तेही यावरून लक्षात येईल. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपून जातो. रस्त्यावरच्या स्टॉलवर घाईत काढलेल्या रसाचा प्रत्येक दुधी कोणी चाखून पाहिलेला असेल, याचीही खात्री नसते. भाजी शिजवल्यानं हे विष जात नाही. त्यामुळे दुधीची भाजी कडू लागली तर ती 'वाया कशाला घालवायची' म्हणून संपवू नका.

गुळवेल आणि काढे: 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. पुढे २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं गेलं. काढा सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता.

सामान्य वाचकासाठी या वादाचं तात्पर्य एकच. वेल अंगणातली असो वा बाजारातली, ती नेमकी कोणती हे ओळखणं अवघड आहे, आणि महिनोन् महिने ती रोज घेणं हा घरगुती उपाय राहत नाही.

काढ्यात हमखास पडणारं ज्येष्ठमधही जपून वापरायला हवं. रोज, जास्त प्रमाणात घेतलं तर त्यानं रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. बीपीची गोळी चालू असून बीपी का वाढतंय, याचं उत्तर कधीकधी काढ्याच्या पातेल्यात सापडतं.

आणखी एक विरोधाभास पाहा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली. त्यातल्या जवळपास २१ टक्के उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. शरीर शुद्ध करण्यासाठी घेतलेल्या पुडीतूनच विष पोटात जाऊ शकतं, ते असं.

हिरवी स्मूदी, लिव्हर फ्लश आणि पाय बुडवायचं यंत्र

पालक, बीट यांत ऑक्सलेट भरपूर असतं. वाटीभर भाजीनं काही बिघडत नाही, पण रोज ग्लासभर कच्चा रस म्हणजे कितीतरी जुड्यांचं ऑक्सलेट एकदम पोटात जातं. अमेरिकेत ६५ वर्षांच्या एका महिलेचं मूत्रपिंड अशाच 'ग्रीन स्मूदी क्लीन्स'नंतर निकामी झाल्याची नोंद २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. तिच्या पोटाची आधी शस्त्रक्रिया झाली होती आणि बरेच दिवस अँटिबायोटिक्स चालू होती, त्यामुळे धोका वाढला होता. करंबळ, म्हणजे स्टारफ्रूट, तर मूत्रपिंडाच्या रुग्णांनी खाऊच नये. त्यातलं एक द्रव्य थेट मेंदूवर परिणाम करतं.

सफरचंदाचा रस, एप्सम सॉल्ट, ऑलिव्ह तेल आणि लिंबू घेऊन पित्ताशयातले खडे 'पाडण्याचा' मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. दुसऱ्या दिवशी हिरवे खडे पडलेले दिसतातही. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अशा खड्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. ते पित्ताचे खडे नव्हतेच. तेल आणि लिंबाचा रस यांच्यापासून पोटात तयार झालेल्या साबणासारख्या गोळ्या होत्या त्या. खरे खडे जागच्या जागीच होते.

मिठाच्या पाण्यात पाय बुडवून 'विष' काढणाऱ्या यंत्राचंही असंच आहे. पाणी तपकिरी होतं ते लोखंडी इलेक्ट्रोड गंजल्यामुळे. पाय न बुडवताही ते होतं.

'पोट साफ' आणि पंचकर्म

वाढत्या वयात बद्धकोष्ठता ही खरी तक्रार असते, ती हसण्यावारी नेऊ नये. पण 'आतडी धुवायला' एरंडेल किंवा सोनामुखीची चूर्णं वारंवार घेतली तर जुलाबावाटे पाणी, सोडियम आणि पोटॅशियम जातं. सोडियम घसरलं की म्हातारी माणसं गोंधळतात, असंबद्ध बोलतात, तोल जाऊन पडतात. घरच्यांना वाटतं, वयोमानानं होतंय.

इसबगोल तुलनेनं सुरक्षित आहे, पण भरपूर पाण्यासोबत. कोरडं किंवा घोटभर पाण्यासोबत घेतलं तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं.

पंचकर्म ही आयुर्वेदातली शोधन चिकित्सा आहे आणि ती सरसकट सगळ्यांसाठी नाही, हे आयुर्वेदच सांगतो. वमन कोणाला देऊ नये, या चरकसंहितेतल्या यादीत वृद्ध आणि दुर्बळ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा 'सात दिवसांचं डिटॉक्स पॅकेज' घेण्याआधी नोंदणीकृत वैद्यांना वय, आजार आणि चालू औषधं सांगा. ते न विचारताच जो बुकिंग घेतो, त्याच्यापासून दूर राहिलेलं बरं.

कोणत्या गोळीसोबत काय जपायचं?

- ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन: उपवास किंवा फक्त रसावर राहिल्यास शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणं ओळखा.
- डापाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्या: उपाशी राहिल्यास शुगर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो.
- टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन: यांनी पोटॅशियम वाढू शकतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर रोजचं शहाळं, भाज्यांचे रस आणि 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्या.
- लघवी वाढवणाऱ्या गोळ्या: सोबत जुलाबाचं चूर्ण नको.
- वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल: पालेभाज्या बंद करू नका, पण एकाएकी त्यांचा रसही सुरू करू नका. व्हिटॅमिन के वाढलं की गोळीचा परिणाम घटतो.

यातली कोणतीही गोळी आपल्या मनानं बंद करणं हा यावरचा उपाय नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

मग डोंबिवलीच्या हवेचं काय?

'आमच्याकडे हवेतच विष आहे, मग शरीर साफ नको का करायला?' हा प्रश्न डोंबिवलीकर विचारतात आणि तो रास्त आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ७८.४१ गुणांसह डोंबिवलीची गणना 'गंभीर प्रदूषित' क्षेत्रांत झाली. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडल्याची चर्चा देशभर झाली, फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला.

पण फुप्फुसात गेलेले सूक्ष्म कण कोणत्याही रसानं निघत नाहीत. रस पोटात जातो, कण असतात फुप्फुसात. इथे उपाय एकच, कण आत जाऊ न देणं. थंडीत पहाटे प्रदूषित हवा जमिनीलगत अडकून राहते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचऐवजी ऊन पडल्यावर फिरायला जा. घोडबंदर रोड किंवा कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेनं चालण्यापेक्षा मैदान, तलाव, सोसायटीचं आवार बरं. हवेत वास किंवा धुरकट थर जाणवला तर त्या दिवशी घरातच व्यायाम करा. दम्याचा किंवा सीओपीडीचा त्रास असेल तर इनहेलर नियमित घ्या आणि फ्लू, न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा.

खरा 'डिटॉक्स': यकृत आणि मूत्रपिंडाला त्यांचं काम करू द्या

जेवण. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला साधारण ५० ग्रॅम. उतारवयात त्याहून थोडी जास्त घ्यावीत, असं अनेक तज्ज्ञ सांगतात. चहा-खारीच्या नाश्त्यात आणि आमटी-भाताच्या जेवणात ती भागत नाहीत. मुगाची उसळ, पिठलं, घट्ट वरण, दही, पनीर, अंडं, मासे यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. दात नसतील तर मऊ शिजवा, पण गाळू नका. रस गाळताना आतड्याला हवा असलेला चोथाच आपण फेकून देतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

मीठ. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, हे सगळं धरून. लोणचं, पापड, फरसाण आणि मीठ घातलेलं ताक यांतलं मीठही यातच मोजा.

पाणी. तहानेची वाट न पाहता दिवसभर थोडं थोडं प्या. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. सकाळी उठल्या उठल्या दोन लिटर पिण्याचा नेम नको, एकदम जास्त पाण्यानंही सोडियम उतरतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी ठरवलेलं प्रमाण पाळावं.

हालचाल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. ६५ च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही हवेत. नुसत्या फेऱ्यांनी ताकद येत नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, एवढंही पुष्कळ आहे. स्टेशनचा पूल चढताना त्याचा फरक लक्षात येईल.

वेदनाशामक गोळ्या. सांधेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या मूत्रपिंडाला खरोखर इजा करतात. तंबाखू, मिश्री आणि दारूचंही तेच. यांतलं एक जरी सोडलं, तरी कोणत्याही काढ्यापेक्षा जास्त फायदा होतो.

तपासणी. वर्षातून एकदा बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लघवी आणि यकृताची तपासणी करा. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज ही महापालिकांची रुग्णालयं आहेत. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर तिथल्या ओपीडीत विचारा. वयाची ७० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं आहे. त्यात उत्पन्नाची अट नाही आणि हॉस्पिटलात दाखल झाल्यावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात.

ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका

रस किंवा काढा घेतल्यानंतर सतत उलट्या, रक्ताची उलटी, थांबत नसलेले जुलाब, डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, लघवी एकदम कमी होणं, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, चक्कर येऊन पडणं, यांतलं काहीही झालं तर १०८ वर फोन करा. 'शरीरातली घाण निघतेय, आधी थोडा त्रास होणारच,' असं अशा वेळी कोणी सांगितलं तर ऐकू नका. हॉस्पिटलला जाताना घेतलेल्या रसाची किंवा चूर्णाची बाटली आणि रोजच्या गोळ्यांचा डबा सोबत न्या, डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना मार्गदर्शन हवं असेल तर १४५६७ ही 'एल्डरलाइन' आहे.

आणि घरातल्या तरुणांसाठी एक गोष्ट. 'हे काय फॉरवर्ड वाचून करता' असं म्हटलं की आई-बाबा पुढच्या वेळी लपवून करतात. त्यापेक्षा डॉक्टरांकडे जाताना आणखी काय काय घेताय, हे आपुलकीनं विचारा आणि ते त्याच कागदावर लिहून द्या. डॉक्टरांना माहीत नसलेला काढा हाच सगळ्यांत धोक्याचा असतो.